हिरवळीचे चाकर

अमेरिकेंतील उपनगरांत घरापुढची हिरवळ ही गृहस्थाच्या अब्रूची गोष्ट समजतात. तींत एखादें पिवळें रानफूल डोकावलें कीं शेजारी नाक मुरडतात! ही अब्रू राखण्याचें काम मात्र कंपनीचा पगारी माणूस करतो.

सकाळींच तो मोटार घेऊन निघतो. मागें औषधाची टाकी, लांब रबरी नळी, आणि हातांत घरांची यादी. एका अंगणांत वेळ मोडला तर पुढचीं घरें राहतात. फवारणी झाल्यावर तो गवतांत एक लहानशी निशाणी रोवतो : मुलें व कुत्रीं दूर ठेवावीं. तो स्वतः मात्र दूर राहूं शकत नाहीं; त्याच फवाऱ्यांत त्याचा सारा दिवस जातो. तण मारण्यास सर्रास वापरलें जाणारें '२, ४-डी' हें द्रव्य २०१५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें 'कर्करोगकारक असण्याचा संभव' या वर्गांत घातलें.

गवत कापणारे पुष्कळसे मजूर मेक्सिकोहून 'एच-२बी' या हंगामी परवान्यावर येतात. परवाना एका मालकाशीं जखडलेला. मग तक्रार कोण करणार?

कॅनडांतील हडसन या गांवानें १९९१ सालीं निव्वळ शोभेसाठीं होणारी फवारणी बंद केली. कंपन्या न्यायालयांत गेल्या. २००१ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें गांवाच्या बाजूनें निकाल दिला. त्यांत विचार झाला तो मुख्यतः रहिवाशांच्या आरोग्याचा. नळी धरणाऱ्याचा नव्हे.