सभा कुठं भरते?
दारू सोडायचीय, पण जायचं कुठं? अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे 'एए', १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांच्या गप्पांतून सुरू झाली. सभेला फी नाही, हजेरीपट नाही. 'मी अमुक, मी दारुडा,' एवढंच सांगायचं. तेही नको असेल तर नुसतं ऐकायचं. ओळखीचं कुणी भेटेल ही धास्ती खरी आहे. मग शेजारच्या तालुक्यातली सभा गाठा, एसटी आहेच! रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली तर हात कापू शकतात, फिटही येऊ शकते. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा. पुण्यात १९८६पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मोफत. जवळ मदत कुठं मिळेल, ते या नंबरवर विचारा. घरच्यांनी फोन केला तरी चालतो.