यंत्रांचा हजेरीपट
(महोत्सवी सभेतील भाषण)



आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातील मुलेमुली शिकून नागपूर-पुण्याकडे जातात आणि संगणकाच्या कामात शिरतात. ते काम तरी काय, असे वडीलधारी मंडळी आम्हा शिक्षकांना विचारतात. त्यांपैकी एका कामाविषयी आज चार शब्द सांगावे असे आम्ही योजिले आहे.

पुण्याच्या सी-डॅक संस्थेने २०२० साली ‘परम सिद्धी-एआय’ हा महासंगणक उभारला. त्या वर्षी नोव्हेंबरात जगाच्या यादीत तो ६३ वा आला. त्यात ४२ यंत्रे, प्रत्येकात ८, म्हणजे एकूण ३३६ ग्राफिक्स कार्डे बसविली होती. मुळात चित्रे दाखविण्यासाठी निघालेले हे कार्ड हजारो गणिते एकदम सोडविते. भरात आले की एकेक कार्ड ४०० वॅटपर्यंत वीज घेते, आणि फार तापले तर आपला वेग आपणच कमी करते.

इतक्या कार्डांवर लक्ष कसे ठेवावे? सर्वत्र रूढ असलेली रीत अशी: प्रत्येक यंत्रावरील एक लहान प्रोग्राम कार्डाचे तापमान, वीज, मेमरी व कामाचे प्रमाण टिपतो. ‘प्रॉमीथियस’ हा प्रोग्राम दर काही सेकंदांनी ते आकडे गोळा करून वेळेसह साठवितो. ‘ग्राफाना’ तेच आकडे पडद्यावर आलेखरूपाने मांडतो. दोन्ही विनामूल्य मिळतात. तापमान ठरविलेल्या मर्यादेपुढे गेले की सूचनाही धाडता येते.

परंतु आलेख मांडणे सोपे, वाचणे कठीण. कामाचा आकडा १०० टक्के दिसला म्हणजे कार्ड पूर्ण ताकदीने राबते आहे असे नव्हे. त्या वेळात काही ना काही काम चालू होते, एवढाच त्याचा अर्थ. वर्गात हजेरी शंभर टक्के असली म्हणून सर्वांचा अभ्यास झाला असे कोणता शिक्षक म्हणेल? उलट, मेमरी भरलेली आणि काम शून्य असेल, तर कोणीतरी बसमध्ये रुमाल टाकून जागा अडविली आहे असे समजावे. तेवढ्यात दुसरा गरजू विद्यार्थी रांगेत ताटकळत असतो, आणि विजेचे बिल चालूच राहते.

सामायिक साधन ही अमानत आहे. आपल्या ट्रस्टच्या पैशाचा हिशेब आपण सर्वांपुढे मांडतो. उद्या मुलांसाठी असे यंत्र घेण्याचे आपण ठरविले, तर यंत्राबरोबर त्याचा हा फळाही मांडावा, आणि तो वाचणारे एक जबाबदार माणूस नेमावे, एवढी आमची विनंती आहे.