रक्तांतील सहावा मणी

खानदेशांतील शाळांत एखादा विद्यार्थी असा असतो, कीं जो खेळाच्या तासाला कडेला बसून राहतो. हातपाय दुखतात, अशी त्याची तक्रार. अंगावर जखम दिसत नाहीं. तेव्हां त्याला आळशी ठरवून मोकळें होणें सोपें असतें. परंतु त्या दुखण्याचें मूळ कधीं कधीं रक्ताच्या सूक्ष्म घडणींत असतें.

श्वासावाटें घेतलेला प्राणवायु शरीरभर पोंचविण्याचें काम तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन हें प्रथिन करतें. प्रथिन म्हणजे ॲमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. हिमोग्लोबिनांत अशा चार माळा असतात. दोन 141 मण्यांच्या आणि दोन 146 मण्यांच्या. प्रत्येक माळ ठराविक रीतीनें गुंडाळलेली असून तिच्या कुशींत लोहाचा एक अणु असतो. त्यावर प्राणवायु बसतो. ही घडण उलगडणाऱ्या मॅक्स पेरुट्झ यांना 1962 सालीं जॉन केंड्रू यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें.

या चार माळांचें वर्तन पंगतीसारखें आहे. पहिला पाहुणा संकोचानें बसतो. तो बसला, कीं उरलेले भराभर बसतात. फुप्फुसांत पहिला प्राणवायु चिकटतांच माळांची ठेवण किंचित् बदलते व पुढच्यांना जागा सुलभ होते. श्रमलेल्या स्नायूंजवळ याच्या उलट घडतें. एक उठला, कीं इतरही उठूं लागतात. म्हणून जेथें गरज अधिक, तेथें प्राणवायु अधिक सुटतो.

आतां या माळेंत एकच मणी चुकला तर? 146 मण्यांच्या माळेंत सहावा मणी ग्लुटामिक आम्लाचा असावयास हवा. त्या जागीं व्हॅलिन आलें, कीं प्राणवायु सोडल्यावर हिमोग्लोबिनचे कण एकमेकांस चिकटून त्यांचे ताठ दोर बनतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वांकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात; त्यामुळें असह्य वेदना होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारें 120 दिवस जगते, ही त्याहून फार लवकर नाश पावते. म्हणून पंडुरोगही जडतो. हाच सिकलसेल रोग.

सातपुड्याच्या कुशींतील भिल्ल व पावरा समाजांत तो आढळतो. जळगांव, धुळें आणि 1998 सालीं धुळ्यापासून वेगळा झालेला नंदुरबार या जिल्ह्यांना तो परका नाहीं. विदर्भांतही तो आहे. यांत कोणाचें पाप नाहीं. दोष एकाच पालकाकडून आला, तर मूल केवळ वाहक होतें, बहुधा निरोगी राहतें आणि गंभीर हिंवतापापासून त्याचें बरेंच रक्षणही होतें. मात्र आईबाप दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला रोग होण्याचा संभव चारांत एक असतो.

म्हणून विवाहापूर्वीं रक्ततपासणी करणें हें शहाणपण आहे. 2023 सालीं भारत सरकारनें या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम आरंभिली. रोग्यास हायड्रॉक्सियुरिया या औषधानें पुष्कळ आराम पडतो. भरपूर पाणी आणि तापावर तत्काळ उपचार हेंही आवश्यक असतें. खानदेशच्या उन्हाळ्यांत तर पाण्याची हेळसांड महागांत पडते.

कडेला बसलेल्या त्या मुलाला रागें भरण्यापूर्वीं त्याच्या रक्ताची तपासणी व्हावी, आणि वर्गांत तहान लागेल तेव्हां त्याला पाणी प्यावयाची मोकळीक असावी. एवढ्यानेंही त्याचें पुष्कळ दुःख टळेल.