तुर्कीकडे जाणारी मराठी वाट



तुर्की शिकायची तर आधी इंग्रजी पक्की हवी, असं आपल्याकडे सरसकट समजलं जातं. हाताशी येणारी बहुतेक पुस्तकं इंग्रजीतूनच तुर्की शिकवतात, त्यामुळे हा समज साहजिक आहे. माझं म्हणणं एवढंच, की मराठी माणसाला हा वळसा महागात पडतो.

'काल आलेला माणूस' हे तुर्कीत 'द्युन गेलेन आदाम'. द्युन म्हणजे काल, गेलेन म्हणजे आलेला, आदाम म्हणजे माणूस. शब्दाला शब्द, त्याच क्रमानं. इंग्रजी पुस्तक मात्र इथे आधी 'माणूस' ठेवतं, 'जो काल आला' हे मागून जोडतं आणि मग सांगतं, की तुर्कीत हे सगळं उलटं करा. आपल्याला उलटं करण्याजोगं काही नसतंच! 'सेनिन इचिन' म्हणजे 'तुझ्यासाठी'. इथेही 'तुझा' आधी आणि 'साठी' नंतर. क्रियापद दोन्हीकडे वाक्याच्या शेवटी.

त्याहून गमतीचं प्रकरण 'मिश' या प्रत्ययाचं. येताना स्वतः पाहिलं तर 'गेल्दी', आला. कोणाकडून कळलं तर 'गेल्मिश', आला म्हणे. इंग्रजी भाषकाला हा भेद मुद्दाम कमवावा लागतो. आपल्याला तो अर्धा आधीच येत असतो. अर्धा अशासाठी, की दाराशी बूट पाहून बांधलेल्या अंदाजालाही तुर्क 'मिश'च लावतो. तिथे आपण 'आलेला दिसतोय' म्हणतो.

शिकणाऱ्याच्या भाषेपासून सुरुवात करण्याची ही युक्ती काही माझी नव्हे. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात महमूद काश्गरीनं अरबांना तुर्की कळावी म्हणून 'दिवानु लुगातित-तुर्क' हा कोश रचला. अर्थ अरबीत दिले आणि शब्दांची मांडणीही अरबी कोशकारांच्या पद्धतीनं केली. जोडीला म्हणी आणि कविता घातल्या, म्हणजे भाषेबरोबर माणसंही कळावीत.

आजच्या विद्यार्थ्याचं एक ओझं १९२८ साली उतरलं. त्या वर्षी १ नोव्हेंबरला तुर्कस्ताननं अरबी लिपी सोडून २९ अक्षरांची लॅटिन वर्णमाला स्वीकारली. लिहिलेलं जवळपास तसंच वाचता येतं. पुढे १९३२ मध्ये भाषेची संस्था स्थापन झाली आणि अरबी-फारसी शब्दांच्या जागी दुसरे शब्द रुळवण्याला जोर आला. त्यामुळे 'जेवाप' आणि 'यानिट', 'शेहिर' आणि 'केन्त' अशा जोड्या झाल्या. यातले जवाब आणि शहर आपल्या ओळखीचे; दुसरे शब्द मात्र शिकावे लागतात. तारीख आणि दिनांक एकाच घरात नांदवणाऱ्या मराठी वाचकाला ही परिस्थिती नवखी वाटू नये.

आता मराठी जिथे साथ सोडते, ते पाहू. पहिलं, स्वरांचं. तुर्कीत आठ स्वर, आणि प्रत्ययाचा स्वर शब्दाच्या शेवटच्या स्वराकडे पाहून बदलतो: 'किताप'चं अनेकवचन 'कितापलार', पण 'एव' म्हणजे घर, त्याचं 'एवलेर'. काही स्वर देवनागरीत मावतही नाहीत. ओठ 'ऊ'सारखे गोल करून जीभ 'ई'च्या जागी ठेवा, म्हणजे त्यातला एक साधेल. 'द्युन' मी लिहिला खरा, पण त्याचा खरा उच्चार तो. दुसरं, क्रियापदाचं. 'मी पुस्तक वाचलं' यात आपलं क्रियापद पुस्तकाच्या लिंगावर चालतं. तुर्कीत लिंगच नाही, क्रियापद वाचणाऱ्याबरोबर चालतं: 'ओकुदुम'. तिसरं, कर्माचं. कुठलंसं पुस्तक वाचलं तर 'किताप', ठरावीक पुस्तक वाचलं तर त्याला प्रत्यय लागतो. पुस्तकाच्या बाबतीत मराठी हा फरक प्रत्ययानं दाखवत नाही, म्हणून तिथे चुका होतात.

तुर्की शिकवणाऱ्या संस्था अर्थातच आहेत. अंकारा विद्यापीठाचं 'त्योमेर' हे केंद्र १९८४ पासून परदेशी विद्यार्थ्यांना तुर्की शिकवत आहे. युनुस एम्रे संस्थेची केंद्रं अनेक देशांत आहेत. तिथे जगभरचे विद्यार्थी एका वर्गात बसतात, तेव्हा धडे सगळ्यांसाठी एकच असणार. आपला धडा आपणच कातरून घ्यायला हवा. वाक्यरचनेची पानं भराभर उलटा, स्वर आणि कर्माचा प्रत्यय यांवर दुप्पट वेळ द्या. आणि वहीत तुर्की वाक्याखाली इंग्रजी अर्थ लिहिण्याऐवजी मराठी अर्थ लिहा. पहिल्याच आठवड्यात कळेल, कुठे थांबायचं आणि कुठे थांबायची गरजच नाही.