उपग्रह चटकन कसा सापडतो?

मुंबईत लालबाग-परळला गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, आणि गिरगावातल्या खोताच्या वाडीसारख्या गल्ल्या तर मुळातच अरुंद. अशा ठिकाणी फोनच्या नकाशावरचा निळा ठिपका घुटमळतो.

हा ठिपका ज्यांच्या संदेशांवरून ठरतो, ते जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. त्यांचा संदेश आपल्यापर्यंत पोचतो तो इतका क्षीण, की गोंगाटाखाली बुडालेला असतो. प्रत्येक उपग्रहाचा १,०२३ घटकांचा ठरलेला सांकेतिक क्रम आहे. तो नेमका कुठून सुरू होतो आणि उपग्रहाच्या वेगामुळे लहरींची वारंवारता किती सरकली, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. जुने रिसीव्हर एकेक शक्यता तपासत बसत. आजची चिप हजारो शक्यता एकदम तपासते.

पण एवढ्याने भागत नाही. उपग्रहाच्या कक्षेची माहिती सेकंदाला अवघे ५० बिट या गतीने येते आणि दर ३० सेकंदांनी पुन्हा प्रसारित होते. मध्येच टॉवर आडवा आला, की निसटलेल्या भागासाठी पुढच्या फेरीची वाट पाहायची! म्हणून तीच माहिती मोबाइल नेटवर्कवरून आयती पुरवणारी ‘असिस्टेड जीपीएस’ची सोय मला सर्वांत मोलाची वाटते. ठिकाण काही सेकंदांत लागते.

इस्रोने २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून आपल्या ‘नाविक’ या उपग्रह-दिशादर्शन यंत्रणेलाही एल-१ हा वारंवारतेचा पट्टा मिळाला. जीपीएसही तोच वापरते.

दादर स्टेशनबाहेर नकाशा उघडाल, तेव्हा मोबाइल डेटा सुरू ठेवा आणि गल्लीत शिरण्याआधी क्षणभर मोकळ्या आकाशाखाली थांबा.