कोरोना जाऊन महिना झाला, मग लेकराला ताप का आला?

छत्रपती संभाजीनगरहून मी बोलतोय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी ही आजच्या भागाची लिखित प्रत.

आजचा विषय आहे एमआयएस-सी. पूर्ण नाव मल्टिसिस्टिम इन्फ्लमेटरी सिंड्रोम इन चिल्ड्रन. मराठीत सांगायचं तर, कोरोना होऊन गेल्यावर मुलांच्या शरीरात एकाच वेळी अनेक अवयवांना येणारी सूज. ही सूज बाहेरून दिसत नाही, बरं का. ती हृदयात असते, रक्तवाहिन्यांत असते, आतड्यांत असते.

आता तुम्ही म्हणाल, कोरोना संपला, हे आज कशाला? कारण त्या काळात आईवडील आणि डॉक्टर जे शिकले, ते आजही एखाद्या लेकराच्या कामी येऊ शकतं. ते कसं, तेही सांगतो.

आधी थोडं मागे जाऊ. २०२० च्या सुरुवातीला सगळे म्हणत होते की लहान मुलांना कोरोनाचं काही होत नाही. ते बऱ्याच अंशी खरंही होतं. पण एप्रिल २०२० च्या शेवटी इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी इशारा दिला की काही मुलं तीव्र ताप आणि घसरलेलं ब्लड प्रेशर घेऊन येतायत. इटलीतल्या बर्गामोमध्येही तेच दिसत होतं. तिथे कावासाकीसारख्या आजाराचे रुग्ण नेहमीच्या सुमारे ३० पट झाले होते. १५ मे २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने या आजाराची प्राथमिक व्याख्या जाहीर केली.

आपल्या महाराष्ट्रात तो मुंबईत लवकर दिसला. तिथल्या डॉक्टरांनी २३ मुलांची माहिती २०२० मध्येच 'इंडियन पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात छापली. मुलांचं वय साधारण सात वर्षांच्या आसपास. जवळपास दोन तृतीयांश मुलं शॉकमध्ये होती, म्हणजे ब्लड प्रेशर धोकादायक पातळीला गेलेलं. २३ पैकी एक मूल दगावलं, बाकीची वाचली. हे वाक्य दोन्ही बाजूंनी ऐका. आजार भयंकर आहे, पण वेळेत ओळखला तर बहुतेक लेकरं बरी होतात.

आता आपल्या शहराकडे येऊ. मार्च २०२१ आठवतोय? तेव्हाचं औरंगाबाद राज्यात सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांपैकी एक होतं. अंशतः लॉकडाऊन लागला होता, घाटीत खाटा मिळत नव्हत्या. एप्रिलमध्ये माझ्या मावसबहिणीच्या घरी तिला, भाऊजींना, सासूबाईंना, सगळ्यांना कोरोना झाला. सहा वर्षांची भाची मात्र घरभर नाचत होती. तिला साधा खोकलाही नाही.

मेच्या मध्यात तिला ताप आला, १०३. पोटात दुखतंय म्हणून रडायची, उलट्या, जुलाब. जवळच्या दवाखान्यात रक्त तपासलं, विडाल थोडी पॉझिटिव्ह आली, टायफॉइडची औषधं सुरू झाली. तिसऱ्या दिवशी डोळे लाल झाले, पण चिपडं नाहीत. ओठ लालभडक, अंगावर पुरळ. चौथ्या दिवशी ती नुसती पडून राहिली. हात लावला तर तळवे गार.

ताईचा फोन आला. म्हणाली, "अरे, हिला कोरोना झालाच नव्हता, मग डॉक्टर कोरोनाचं का विचारतायत?" शहरातल्या दुसऱ्या एका हॉस्पिटलातल्या बालरोगतज्ज्ञांनी एकच प्रश्न विचारला होता: "मागच्या दीड महिन्यात घरात कुणाला कोरोना झाला होता का?" त्या प्रश्नाने सगळी दिशा बदलली. अँटिबॉडी तपासली तर पॉझिटिव्ह. म्हणजे पोरीला कोरोना होऊन गेला होता, फक्त कुणाला कळला नव्हता.

हेच या आजाराचं वैशिष्ट्य आहे. तो संसर्गाच्या वेळी येत नाही, साधारण दोन ते सहा आठवड्यांनी येतो. मूळ संसर्ग अगदी सौम्य असू शकतो. विषाणूला हरवायला निघालेली आपली प्रतिकारशक्ती थांबायचं विसरते आणि आपल्याच शरीरावर तुटून पडते. असं का होतं, यावर २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये एक संशोधन आलं. त्यात तपासलेल्या मुलांपैकी एक तृतीयांशाहून जास्त मुलांत असं दिसलं की विषाणूच्या एका प्रथिनाचा तुकडा आपल्या पेशींमधल्या एका प्रथिनासारखा आहे. म्हणजे पोलिसांनी चेहरा सारखा दिसतो म्हणून चोराऐवजी घरमालकालाच धरलं! सगळ्या मुलांचं कोडं यातून सुटत नाही, पण एक मोठा धागा हाती लागला.

मग ओळखायचं कसं? तीन दिवस किंवा जास्त ताप. त्यासोबत पुरळ किंवा लाल डोळे, पोटदुखी-उलट्या-जुलाब, ब्लड प्रेशर कमी होणं, हृदयावर ताण, रक्त गोठण्यात गडबड, यांपैकी किमान दोन गोष्टी. रक्तात सीआरपीसारखे सुजेचे आकडे वाढलेले. आणि दुसरं कुठलंही ठळक कारण नाही. अडचण अशी की आपल्याकडे डेंग्यू, टायफॉइड, स्क्रब टायफस यांतही यातलं बरंच काही दिसतं. पोट इतकं दुखायचं की काही मुलांना अपेंडिक्स समजलं गेलं. म्हणून पहिल्या डॉक्टरांना दोष देणं सोपं आहे, पण पहिल्या दोन दिवसांत हा आजार ओळखणं खरंच अवघड आहे. त्यासाठीच घरच्यांनी आधीची हकिगत नीट सांगणं महत्त्वाचं.

उपचाराचं बोलू. इको करून हृदयाचं पंपिंग आणि हृदयाला रक्त देणाऱ्या कोरोनरी वाहिन्या बघतात. स्टेरॉइड देतात आणि आयव्हीआयजी, म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेल्या अँटिबॉडी, शिरेतून देतात. त्याचा डोस वजनावर, किलोमागे २ ग्रॅम. भाची २० किलोची. म्हणजे ४० ग्रॅम. पाच ग्रॅमच्या आठ कुप्या, आणि एकेक कुपी हजारो रुपयांची. भाऊजींनी गाडी विकायला काढली होती. हा खर्च लक्षात घेतला की गावाकडचे लोक दवाखाना का लांबवतात ते कळतं. म्हणून स्टेरॉइडचं महत्त्व मोठं. ते स्वस्त आहे, सहज मिळतं. स्वित्झर्लंडमधल्या एका चाचणीत स्टेरॉइड आणि आयव्हीआयजी यांची तुलना केली, तर हॉस्पिटलमधल्या मुक्कामात ठळक फरक दिसला नाही. अर्थात कुणाला काय द्यायचं हे डॉक्टरच ठरवणार. घरच्या घरी स्टेरॉइड किंवा ॲस्पिरिन लेकराला अजिबात द्यायचं नाही.

भाची नऊ दिवसांनी घरी आली. पण घरी आलं म्हणजे संपलं नाही. पुन्हा इको, काही काळ पळापळ आणि खेळ बंद. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते: आयव्हीआयजीचा असा डोस दिला असेल तर गोवर आणि कांजण्यांची लस साधारण ११ महिने पुढे ढकलावी लागते. म्हणून डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा आणि लस द्यायला जाताना दाखवा. आत्ता मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा.

आता आजची परिस्थिती. अमेरिकेच्या सुरुवातीच्या आकड्यांनुसार साधारण तीन हजार संसर्गांमागे एका मुलाला हा आजार व्हायचा. ओमिक्रॉननंतर तो खूपच कमी झाला. लसीचाही वाटा आहे. १२ ते १८ वयोगटात फायझरच्या दोन डोसांनी एमआयएस-सीचा धोका ९१ टक्क्यांनी कमी झाल्याचं अमेरिकेत दिसलं होतं.

पण कावासाकी आजार आपल्यात आधीपासून आहे आणि आजही आहे. जपानच्या डॉ. तोमिसाकू कावासाकींनी १९६७ मध्ये ५० मुलांवरून त्याचं वर्णन केलं. तो मुख्यतः पाच वर्षांखालच्या लेकरांना होतो. उपचार झाले नाहीत तर सुमारे चारपैकी एका मुलाच्या कोरोनरी वाहिन्यांना फुगवटा येतो. ताप आल्यापासून दहा दिवसांच्या आत आयव्हीआयजी मिळालं तर हा धोका खूप खाली येतो. दहा दिवस, मंडळी! आणि त्यातले पाच-सहा दिवस आपण "व्हायरल असेल" म्हणण्यात घालवतो.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, लेकराचा ताप तीन दिवसांत उतरला नाही आणि डोळे, ओठ, जीभ लाल दिसतायत, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. पाचव्या दिवसाची वाट बघू नका. दोन, मागच्या दोन महिन्यांत घरात कोण आजारी होतं ते डॉक्टरांना न विचारता सांगा. तीन, तळवे गार पडले, लघवी कमी झाली, श्वास जोरात चाललाय किंवा लेकरू सुस्त पडलंय, तर सकाळ होऊ देऊ नका. १०८ ला फोन करा. पैठणला असाल किंवा कन्नडला, मोठ्या दवाखान्यापर्यंतचा तो तासभराचा रस्ता रात्रीच सुरू झाला पाहिजे.

तुमच्यापैकी बरेच जण अजून आईबाप झालेले नाहीत, माहितीये मला. पण घरातला हुशार मोबाईलवाला तुम्हीच असता. ताई, वहिनी, काकू पहिला फोटो तुम्हालाच पाठवतात आणि विचारतात, "बघ रे, हे पुरळ कशाचं?" तेव्हा फोटोवर औषध सांगू नका. एवढंच विचारा: "ताप किती दिवसांचा आहे?"

हा भाग घरच्या ग्रुपवर नक्की टाका. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!