दोन पातळ, मिळून घट्ट!

बेंझिन आणि हेक्झाफ्लुओरोबेंझिन, दोन्ही गोठतात ५ अंश सेल्सिअसच्या आसपास. पण समसमान रेणू मिसळा, मिश्रण सुमारे २४ अंशांपर्यंत घट्टच राहतं! पॅट्रिक आणि प्रॉसर यांनी १९६० मध्ये हे दाखवलं.

कारण? बेंझिनच्या चकतीचं तोंड किंचित ऋण. दुसरीत फ्लोरिन इलेक्ट्रॉन कडेला ओढतो, म्हणून तिचं तोंड धन. मग एकाआड एक चळत लागते, भाकऱ्यांसारखी.

मला वाटायचं, द्रावणातही अशाच चळती असणार. चुकलो! तिथे द्रावकाचे रेणूही मध्ये घुसतात. जोडी जुळते नि लगेच सुटते. तेव्हापासून स्फटिकात दिसलेलं मी द्रावणाला परस्पर लावत नाही.

आणि हो, बेंझिनने कर्करोग होऊ शकतो. घरी करून बघू नका हां!